उभ्या गाडीला कुणी ठोकलं तर पोलीस आणि विमा कंपनी नक्की काय करतात?

पारिजात२२

नमस्कार मंडळी. जरा वैतागून लिहितेय, सांभाळून घ्या.

गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला, पार्किंगला परवानगी असलेल्या जागी लावलेली. गाडीत कुणीही नाही. एका एसयूव्हीवाल्याने यू टर्न घेताना उजवीकडचा मागचा दरवाजा आणि क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) आत दाबलं. माणूस पळून गेला नाही हे खरं, थांबला, सॉरी म्हणाला, नंबर दिला, "सगळा खर्च देतो" म्हणाला. दुसऱ्या दिवशी फोन केला तर सूर बदललेला. "तुमचा फुल इन्शुरन्स असेलच की, त्यातून करून घ्या ना, तुमच्या खिशातून कुठे जातंय?"

पोलीस स्टेशनला गेले. पहिला प्रश्न, कुणाला लागलंय का? नाही म्हटल्यावर, मग इन्शुरन्समधून घ्या मॅडम, पत्र्याच्या नुकसानीला एफआयआर होत नाही. गॅरेजमध्ये २८ हजारांचं एस्टिमेट आलंय आणि तिथला अॅडव्हायझर म्हणतो की क्लेम फॉर्मवर "गेटच्या खांबाला घासली" असं लिहा, दुसऱ्या गाडीचं नाव काढलंत की पोलिसांचा कागद मागतील, उगाच लांबेल.

म्हणजे चूक त्याची, क्लेम माझा, नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, एनसीबी) माझा जाणार आणि वर खोटं पण मीच लिहायचं? माझा एनसीबी ५०% वर आहे. कुणी त्याच्या विम्यातून पैसे मिळवलेत का? आणि पोलिसांनी म्हटलं ते बरोबर आहे का?

गिअरबॉक्स

अॅडव्हायझर म्हणतोय ते करा आणि मोकळ्या व्हा. सगळे तेच करतात. कॅशलेस, चार दिवसांत गाडी घरी.

रानवारा

चार दिवसांत घरी येईल पण बोनस कायमचा बाहेरगावी जाईल त्याचं काय :D

सर्व्हेअर_काका

पारिजातताई, खांबाचं अजिबात लिहू नका. मी या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, आता निवृत्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्व्हेअर (विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा) गाडी बघतो तेव्हा आधी धडकेची उंची बघतो. टेप लावून जमिनीपासून डेंट किती उंचीवर आहे ते मोजायचं. खांबाला गाडी घासली तर उभी, अरुंद, खोल खाच पडते आणि तिच्यात चुन्याची किंवा सिमेंटची भुकटी अडकलेली असते. एसयूव्हीच्या बंपरने दाबलेला पत्रा रुंद आणि आडवा आत जातो आणि त्याच्या कडेला दुसऱ्या गाडीच्या रंगाची बारीक रेघ उमटते, ती नखाने खरवडली तरी जात नाही. ज्याने दोन-चारशे गाड्या बघितल्यात त्याला हे लांबून दिसतं. मग तो रिपोर्टमध्ये "नुकसान सांगितलेल्या कारणाशी जुळत नाही" एवढं एकच वाक्य लिहितो आणि क्लेम तिथेच अडकतो. विम्याचा करार पूर्ण विश्वासावर चालतो, म्हणून खोटं निघालं तर कंपनी पूर्ण क्लेम नाकारू शकते, आणि तेव्हा अॅडव्हायझर तुमच्याबरोबर उभा राहत नाही.

दुसरं म्हणजे तुमच्याच सहीने "खांबाला लागली" असं एकदा लिहून दिलंत की त्या माणसाविरुद्ध पुढे काहीही करायचा रस्ता तुम्ही स्वतःच बंद केलात.

गाडी धुवू नका. रंगाची रेघ, लॅम्पचा एखादा तुकडा मिळाला असेल तर तो, सगळं राहू द्या. फोटो जवळून आणि लांबून दोन्ही हवेत. लांबून अशासाठी की गाडी कडेला नीट लावली होती हे दिसलं पाहिजे.

गिअरबॉक्स

काका, मान्य की तुम्हाला कळतं, पण छोट्या क्लेमला हल्ली कोण टेप घेऊन येतं? व्हिडिओ कॉलवर सर्व्हे होतो. गॅरेजवाले रोज असे दहा क्लेम पास करून घेतात. प्रॅक्टिकल व्हायला नको का?

काळा_कोट

गिअरबॉक्स, पास होतात म्हणून ते बरोबर होत नाही. आणि खरं लिहिलं तर क्लेम अडतो हा समजच चुकीचा आहे. "रस्त्याच्या कडेला उभी असताना अमुक नंबरच्या गाडीने धडक दिली" हे ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीचं नुकसान स्वतःच्या पॉलिसीतून घेण्याच्या) क्लेमसाठी पूर्णपणे चालणारं कारण आहे. गाडी चोरीला गेली, कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर एफआयआर लागतोच. नुसत्या पत्र्याच्या नुकसानीत बहुतेक कंपन्या त्याशिवाय क्लेम देतात, फार तर पोलिसांत दिलेल्या अर्जाची पोच मागतात. अॅडव्हायझरला त्याचं काम लवकर संपवायचंय, एवढंच.

आता पोलिसांबद्दल. ते अर्धं बरोबर बोलले. बेदरकार वाहन चालवण्याचं कलम, आधी आयपीसी २७९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २८१, ते तेव्हा लागतं जेव्हा मानवी जीव धोक्यात येईल किंवा कुणाला इजा होण्याची शक्यता असेल असं चालवलं गेलंय. वेगात येऊन ओळीने उभ्या गाड्या उडवल्या, माणसं बाजूला पळाली, तर ते लागू शकतं आणि एफआयआर होतो. हळू यू टर्न घेताना घासलं तर बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. मालमत्तेच्या खोडसाळ नुकसानीचं कलमही इथे बसत नाही, कारण त्याला हेतू किंवा नुकसान होणार याची जाणीव लागते.

पण "काहीच होत नाही" हे साफ चूक. ठाणे अंमलदाराकडे अदखलपात्र नोंद, म्हणजे आपण एनसी म्हणतो ती, मागता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४. नाहीच ऐकलं तर लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. त्यात समोरच्या गाडीचा नंबर, वेळ, जागा, गाडी परवानगीच्या जागी बंद उभी होती हे, आणि चालकाने जागेवर चूक कबूल केली हे सगळं यायला हवं.

आणखी एक जे लोकांना माहितीच नसतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४. तिसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी धडक देणाऱ्या चालकानेच जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत, कळवायचं असतं. स्वतःच्या विमा कंपनीलाही लेखी कळवायचं असतं. नाही केलं तर कलम १८७, २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्या गृहस्थांना हे शांतपणे सांगून बघा.

हेमांगी_के

काळा कोट, ही २४ तासांची गोष्ट मला आज कळली. आमच्या गाडीला रात्री कुणीतरी ठोकून गेलं होतं तेव्हा पोलिसांनी उलट आम्हालाच विचारलं की तुम्ही तिथे का लावली!

उत्तरध्रुव

मी जर्मनीत असतो. इथे उभ्या गाडीला धक्का लागला आणि निघून गेलात तर तो सरळ फौजदारी गुन्हा, दंडसंहितेचं कलम १४२. वायपरखाली चिठ्ठी लावली तरी पुरत नाही, योग्य तेवढा वेळ मालकाची वाट बघायची आणि नाही आला तर पोलिसांना कळवायचं. नंतर ठोकणाऱ्याचीच विमा कंपनी पैसे देते, माझ्या पॉलिसीला हात लागत नाही. भारतात टीपी (थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा विमा) सक्तीचा असून तो या कामाला का येत नाही हे मला कधीच कळलेलं नाही.

पश्चिमवारा

कॅलिफोर्नियात चिठ्ठी चालते, नाव पत्ता लिहून ठेवायचा आणि शिवाय पोलिसांना कळवायचं. यूकेत राहत होतो तेव्हा मालक भेटला नाही तर २४ तासांत पोलिसांना, भारतासारखंच. कायदा सगळीकडे जवळपास तोच आहे, पाळण्यात फरक.

सर्व्हेअर_काका

उत्तरध्रुव, तुमचा प्रश्न रास्त आहे. थर्ड पार्टी विमा मालमत्तेलाही लागू आहे. खासगी कारच्या पॉलिसीत साधारण साडेसात लाखांपर्यंत असतो. काही लोक प्रीमियम थोडा कमी व्हावा म्हणून तो ६,००० रुपयांवर आणून ठेवतात आणि त्यांना स्वतःला हे आठवतही नसतं, तेव्हा समोरच्याची पॉलिसी बघायला मिळाली तर ही ओळ जरूर बघा.

अडचण अशी की त्याच्या विमा कंपनीकडे तुम्ही फोन करून "मला पैसे द्या" म्हणू शकत नाही. ते ठरवायचं काम मोटार अपघात दावा प्राधिकरणाचं. म्हणून पिढ्यान् पिढ्या सगळ्यांना तोंडपाठ एकच उत्तर, "आपापल्या पॉलिसीतून घ्या". कंपन्यांनाही ते सोयीचं, कारण त्यांच्यात आपसात नॉक फॉर नॉकची समजूत असते, ज्याने त्याने आपल्या गिऱ्हाइकाची गाडी दुरुस्त करून द्यायची आणि एकमेकांकडे वसुलीला जायचं नाही. कंपन्यांचा हिशोब वर्षभरात आपोआप जुळतो. तुमचा बोनस मात्र जुळत नाही, कारण बोनस चुकीवर ठरतच नाही, क्लेम घेतला की नाही यावर ठरतो.

पारिजात२२

काका, मग बोनस गेला म्हणजे नक्की किती गेला? कारण गॅरेजवाला म्हणतो "एका वर्षाचा तर प्रश्न आहे".

सर्व्हेअर_काका

एका वर्षाचा नाही. बोनसच्या पायऱ्या २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा आहेत आणि एक क्लेम घेतला की थेट शून्यावर. समजा बोनस धरायच्या आधी तुमचा ओन डॅमेज प्रीमियम १०,००० आहे (टीपीच्या भागावर बोनस नसतोच). आज तुम्ही ५,००० वाचवता. क्लेमनंतरच्या पहिल्या नूतनीकरणाला ते पाचही हजार गेले, दुसऱ्याला २०% मिळाले म्हणजे ३,००० चा फरक, मग २,५००, मग १,५००, मग ५००. बेरीज १२,५००. गाडी जुनी होत जाते तसा प्रीमियम उतरतो म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, पण अंदाज यावरून येतो.

त्यात सक्तीची वजावट (क्लेममधला तुम्ही स्वतः भरायचा भाग) धरा, १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्याच्या वर २,०००. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिक भागांचे निम्मे पैसे तुमचे. म्हणजे २८ हजारांच्या कामात क्लेम घेणं तुमच्या बाबतीत बहुधा परवडेल, पण तोच डेंट आठ-दहा हजारांचा असता तर मी क्लेम घेऊ नका म्हटलं असतं. एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम घेतला तरी बोनस राखणारं जादा कव्हर) घेतलंय का तेवढं पॉलिसीवर बघा. लोक पैसे भरतात आणि वापरायचं विसरतात.

टोपणनाव

+१ काकांना. हे गणित शाळेत शिकवायला हवं.

हेमांगी_के

थोडं अवांतर. सोसायटीच्या आत उभ्या गाडीला शेजाऱ्याने रिव्हर्स घेताना ठोकलं तर? आमच्याकडे सेक्रेटरी म्हणतात आतली भानगड आत मिटवा, पोलीस नकोत.

काळा_कोट

सोसायटीची जागा "सार्वजनिक ठिकाण" आहे की नाही यावर वाद होऊ शकतो, कारण कायद्यातली व्याख्या लोकांना तिथे जाण्याचा हक्क आहे का यावर आहे. थर्ड पार्टी दावा तिथे अवघड होतो. तुमचा ओन डॅमेज मात्र आतही तितकाच चालतो. शेजारी असेल तर समजुतीने घ्या, पण जे ठरलं ते लिहून, दोघांच्या सह्या, गाड्यांचे नंबर, रक्कम आणि कधीपर्यंत देणार ती तारीख. तोंडी शब्दावर मैत्री तुटते, कागदावर टिकते.

आणि पैसे देऊन ठेवलेल्या जागेबद्दल: "वाहन मालकाच्या जबाबदारीवर" अशी पाटी लावली की सगळं संपलं असं समजू नका. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका हॉटेलच्या व्हॅले पार्किंगमधून गाडी चोरीला गेली त्या प्रकरणात सांगितलं की चावी ताब्यात घेतल्यावर हॉटेल स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी अशा पाटीमागे लपवू शकत नाही.

भटकंती

सगळे उभी गाडी म्हणजे बिचारी असं धरून चाललेत. मी हायवेवर रोज असतो. रात्री वळणावर, टेललाइट बंद, ना त्रिकोण ना इंडिकेटर, मधल्या लेनमध्ये ट्रक उभा. मागून येणारा घुसतो, जीव जातो, आणि लोक म्हणतात की मागच्याची चूक, त्याने बघायला हवं होतं. माझा एक जवळचा माणूस असा गेलाय. उभी गाडी पण मारते हो. हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं.

काळा_कोट

भटकंती, वाचून वाईट वाटलं. आणि तुम्ही म्हणता ते कायद्यालाही मान्य आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे असंच प्रकरण होतं, रस्त्यावर दिवे न लावता उभा केलेला गॅस टँकर आणि त्यावर आदळलेली कार. हायकोर्टाने कारवाल्याकडेही दोष दिला होता, सुप्रीम कोर्टाने तो काढून पूर्ण जबाबदारी टँकरवर टाकली.

त्याहून जुनं आपल्याच भागातलं एक प्रकरण आहे. २९ ऑक्टोबर १९८७, पुणे-बंगळूर हायवेवर सातारा जिल्ह्यात पहाटे पेट्रोलचा टँकर आणि ट्रकची धडक झाली आणि टँकर रस्त्याकडेला उलटला. पेट्रोल गळत राहिलं, आसपासचे लोक ते भरून घ्यायला जमले, आणि साधारण चार तासांनी स्फोट होऊन बरेच जण गेले. विमा कंपनीचं म्हणणं होतं की टँकर तर तेव्हा हलतही नव्हता, मग हा "मोटार वाहनाच्या वापरातून" झालेला अपघात कसा? सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये ते फेटाळलं. वाहन उभं असलं, बंद पडलं असलं, तरी तो वापरच, आणि ते लोक भरपाईला पात्र. उभ्या गाडीचा विषय निघाला की मला हा निकाल पहिल्यांदा आठवतो, कारण तिथे गेलेल्यांच्या घरच्यांना "गाडी चालत नव्हती" एवढ्या एका शब्दावर परत पाठवायची तयारी झाली होती.

कायद्यात कलम १२२ आहेच, धोका होईल अशा ठिकाणी वाहन सोडायचं नाही. वळण, चौक, झेब्रा क्रॉसिंग, फुटपाथ, दुसऱ्या उभ्या गाडीला समांतर, इथे लावायला बंदी आहे. तुमची गाडी अशा जागी असेल तर तुमच्या भरपाईतूनही तुमच्या वाट्याचा दोष वजा होऊ शकतो. हेमांगीताई, पोलिसांनी "तिथे का लावली" विचारलं ते यासाठी असू शकतं. तुमच्या ओन डॅमेज क्लेमवर सहसा परिणाम होत नाही.

गिअरबॉक्स

हे वाचून माझं मत थोडं बदललंय. खांबाचं लिहा हा सल्ला मागे घेतो. पण एक सांगा, २८ हजारांसाठी प्राधिकरणात कोण जाणार? वकिलाची फी त्याहून जास्त.

काळा_कोट

व्यवहार म्हणून बरोबर आहे, एवढ्या रकमेला बहुतेक लोक जात नाहीत. तरी माहिती असावी. मालमत्तेच्या नुकसानीचा दावा तिथे चालतो, २,००० च्या वर असेल तर दिवाणी कोर्टाचाही पर्याय आहे. तुम्ही राहता त्या हद्दीतल्या प्राधिकरणातही अर्ज करता येतो. अपघातापासून सहा महिन्यांची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने घातली, १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्याच नुकसानीचे पैसे स्वतःच्या पॉलिसीतून आणि समोरच्याकडून असे दोन्हीकडून मात्र घेता येत नाहीत.

खरा उपयोग नोटिशीचा होतो. चालक, मालक आणि त्याची विमा कंपनी तिघांना स्पीड पोस्टाने नोटीस, सोबत अर्जाची पोच आणि फोटो. गाडीच्या नंबरवरून विमा चालू आहे का ते एमपरिवहन अॅपवर दिसतं. माझ्या बघण्यात यातली कितीतरी प्रकरणं नोटिशीनंतर आपसात मिटली.

रानवारा

आणि सीसीटीव्ही! समोरच्या दुकानाचा किंवा सोसायटीचा कॅमेरा असेल तर आजच जा. डीव्हीआर जुनं फुटेज पुसून त्यावरच नवीन लिहीत जातो. सहज मागितलं की बरेच लोक देतात, हात जोडून मागा.

पारिजात२२

सगळ्यांचे खूप आभार, तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत. आज परत पोलीस स्टेशनला गेले होते, लेखी अर्ज घेऊन. यावेळी वेगळे अंमलदार होते, त्यांनी वाचला आणि स्वतःहून म्हणाले एनसी करून देतो. पाच मिनिटांचं काम होतं. त्या गृहस्थांना एनसीचा फोटो आणि कलम १३४ बद्दल दोन ओळी पाठवल्या, धमकी नाही, नीट भाषेत. संध्याकाळी त्यांचा फोन आला, बोनसचं नुकसान आणि वजावट मिळून १३ हजार द्यायला तयार आहेत, बाकी मी माझ्या पॉलिसीतून घ्यायचं. काकांची बेरीज त्यांना सांगितली तेव्हा पटलं. मला हे मान्य आहे. फॉर्मवर जे घडलं तेच लिहिणार, अॅडव्हायझरला तसं स्पष्ट सांगितलंय.

त्यांच्याकडून लिहून घेताना काय लिहायचं? आणि कंपनीने तरी अडवलं तर?

काळा_कोट

छान केलंत. कागदावर रक्कम "बोनसचे नुकसान आणि वजावट यापोटी" असं स्पष्ट लिहा, दुरुस्तीच्या खर्चापोटी असं लिहू नका, नाहीतर कंपनी म्हणेल की दुरुस्तीचे पैसे आधीच मिळाले. तीच गोष्ट कंपनीलाही उघड सांगा. बँकेतून घ्या, रोख नको. कंपनीने अडवलं तर आधी त्यांच्या तक्रार कक्षाला लेखी द्या. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, फी नाही, वकील लागत नाही.

सर्व्हेअर_काका

आणि सर्व्हे होईपर्यंत गॅरेजवाल्याला दरवाजाचं ट्रिम उघडू देऊ नका. आतली बीम वाकलेली असली तर ती सर्व्हेअरच्या समोरच उघडून दिसली पाहिजे, नंतर जादा काम निघालं तर त्याचा पुरवणी अंदाज मंजूर करून घ्यायला त्रास होतो. काच वर-खाली होते का तेही त्याच्यासमोर दाबून दाखवा.